रांगेचं गणित आणि बाबांचा गुडघा

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक भलंमोठं पार्क, एवढीच माझी कल्पना होती. प्रत्यक्षात फ्लोरिडात ओरलँडोजवळ जवळपास ४० चौरस मैलांवर पसरलेली ती चार स्वतंत्र पार्कं आहेत: १९७१ साली उघडलेलं मॅजिक किंगडम, १९८२ चं एपकॉट, १९८९ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झालेलं आणि आता हॉलिवुड स्टुडिओज म्हणून ओळखलं जाणारं तिसरं, आणि १९९८ चं ॲनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क, डझनावारी हॉटेलं, मोनोरेल, बोटी, दोरावरून चालणारे पाळणे. तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, तिथे किती वाजता पोहोचायचं, काय आधी आणि काय नंतर, जेवायचं कुठे, हे सगळं घरी बसून ठरवायचं. त्यासाठी ॲप, वेबसाइटी आणि कॅलेंडरं इतकी आहेत की त्यांतलं नेमकं काय वापरायचं हाच एक स्वतंत्र अभ्यास होऊन बसतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात आले होते. बाबा निवृत्त कृषी सहायक. तासगावच्या द्राक्षबागा आणि हळदीचे फड पालथे घालण्यात त्यांची हयात गेली आणि आता उजवा गुडघा कुरकुरतो. आई अंडंही खात नाही. लेक साडेचार वर्षांची, उंची ४१ इंच. नवरा आणि मी धडधाकट, पण आमच्यापैकी कोणीच आधी तिथे गेलेलं नव्हतं. आई-बाबांना एवढ्या लांब नेऊन रांगेत उभं करायचं नाही, हे मात्र माझं पक्कं होतं. आयुष्यभर त्यांनी रेशनच्या, रेल्वेच्या, दवाखान्याच्या रांगा आमच्यासाठी लावल्या. या सहलीत तरी त्यांना सावलीत, निवांत बसता यावं असं मला मनापासून वाटत होतं.

वाचायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी डोकं गरगरलं. एक जण सांगत होता, फास्टपास महिनाभर आधी फुकट बुक करा. दुसरा म्हणत होता, सकाळी सातला जिनी प्लस विकत घ्या. तिसऱ्याचं म्हणणं, पार्कचं आगाऊ आरक्षण नसेल तर दारातूनच परत पाठवतात. सगळेच ठामपणे लिहीत होते आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. बऱ्याच वेळानं उलगडा झाला: सगळेच खरं सांगत होते, फक्त वेगवेगळ्या सालांतलं. लांब रांग टाळून ठरल्या वेळी आत जाऊ देणारा कागदी फास्टपास १९९९ मध्ये आला. पुढे तो मनगटावरच्या पट्टीवर आणि फोनवर गेला. २०२० च्या मार्चमध्ये पार्कं बंद झाली तेव्हा तो थांबला तो कायमचाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये पैसे देऊन घ्यायचं जिनी प्लस आलं. आणि आम्ही जाण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, २४ जुलै २०२४ ला, तेही जाऊन त्याच्या जागी ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ आला. पार्कच्या आगाऊ आरक्षणाची अटसुद्धा तारखेच्या तिकिटांसाठी जानेवारी २०२४ मध्ये उठली होती. इंटरनेटवर मात्र हे सगळे थर एकमेकांवर जसेच्या तसे पडून आहेत. त्या दिवसापासून काहीही वाचायच्या आधी मी त्याची तारीख बघू लागले आणि जुलै २०२४ च्या आधीचं सगळं बाजूला ठेवलं. वाचायचं निम्म्याहून कमी झालं.

मग एकेक साधन हातात घेतलं. सुरुवात अर्थातच अधिकृत ॲपपासून: माय डिस्ने एक्स्पीरियन्स. याला पर्याय नाही, कारण तिकीट त्यातच, जेवणाचं आरक्षण त्यातच, मल्टी पासही त्यातच. नकाशावर प्रत्येक राइडवर आत्ताची रांग किती मिनिटांची ते दिसतं. उंचीनुसार राइड्स गाळून बघता येतात. ४१ इंचांच्या लेकीसाठी ४४ इंचांची स्पेस माउंटन बाद, ३८ इंचांची सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन चालेल, हे दोन मिनिटांत कळलं. उंची बूट घालून मोजतात, हेही तेव्हाच समजलं. पण हे ॲप ‘आत्ता’चं आहे. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला पुढच्या एखाद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता काय असेल ते हवं होतं. ते त्यात नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

पुढचं सांगणारी ती गर्दीची कॅलेंडरं. महिन्याचा प्रत्येक दिवस एक ते दहा अशा आकड्यानं किंवा हिरव्या-पिवळ्या-लाल रंगानं रंगवलेला. मी दोन-तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी उघडली आणि गोंधळात भरच पडली. सप्टेंबरातला एक शुक्रवार एका ठिकाणी मॅजिक किंगडमसाठी उत्तम दिवस म्हणून हिरवा, दुसऱ्या ठिकाणी ‘टाळा’. एकाच पार्कचा, एकाच दिवसाचा. कोणावर विश्वास ठेवायचा?

याचं उत्तर शोधताना मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला या विषयाची नाडी सापडते आहे. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. रात्रीची नेहमीची आतषबाजी त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात, आणि लोक टाळतात म्हणून दिवसभर रांगा आखूड राहतात. पहिलं कॅलेंडर रांगा मोजत होतं, म्हणून हिरवं. दुसरं तिकिटाच्या पैशात किती तास मिळतात ते मोजत होतं, म्हणून ‘टाळा’. दोन्ही बरोबर. आमच्यासारख्यांना, जे तसेही सहाला थकून घरी निघणार होते, पार्टीचा दिवस सोन्यासारखा होता. आतषबाजी तेवढी हुकणार होती. लेकीला ती दाखवायचीच होती, म्हणून तिच्यासाठी वेगळी, बिनपार्टीची एक संध्याकाळ ठेवली आणि त्या दिवशी आई-बाबांना मुक्कामाच्या घरीच आराम दिला. कॅलेंडरचा रंग कशावरून ठरवलाय हे जे पान सांगत नाही, त्या पानावर मी त्यानंतर वेळ घालवला नाही. काही कॅलेंडरं तिकिटं विकणाऱ्यांचीही असतात. त्यात गैर काही नाही, पण वाचताना ते डोक्यात असलेलं बरं.

तिसरा प्रकार आकड्यांच्या वेबसाइटींचा. क्यू-टाइम्स आणि थ्रिल डेटा ही दोन नावं मला सापडली. पार्कच्या ॲपवर दर काही मिनिटांनी दिसणारी प्रतीक्षा त्या टिपून ठेवतात आणि त्याचे आलेख मांडतात. क्यू-टाइम्सवर जगभरातली पार्कं आहेत. थ्रिल डेटावर एखादी राइड निवडली की तासागणिक, वारागणिक रंगीत तक्ते समोर येतात. आकड्यांची मला भीती नाही, पण इतके आकडे एकदम आले की त्यांचं करायचं काय ते कळेना. शेवटी मी दोनच राइड्स निवडल्या आणि त्यांचे आलेख एकाखाली एक लावले.

मॅजिक किंगडमच्या फँटसीलँडमध्ये पीटर पॅन्स फ्लाइट आणि इट्स अ स्मॉल वर्ल्ड समोरासमोर आहेत. दोन्ही जुन्या, दोन्ही लहान मुलांना आणि आजी-आजोबांना चालणाऱ्या, दोन्हींना उंचीची अट नाही. पहिलीत छोट्या गलबतात बसून रात्रीच्या लंडनवरून उडत जायचं, तीनेक मिनिटांचा खेळ. दुसरीत बोटीत बसून देशोदेशींच्या बाहुल्या बघायच्या, दहा मिनिटांहून जास्त. मला वाटलं होतं, जास्त वेळाची राइड म्हणजे रांग तिचीच मोठी. आलेख नेमका उलटा. पीटर पॅनची रेघ पार्क उघडल्यावर थोड्याच वेळात झपकन वर चढते आणि संध्याकाळपर्यंत वरच राहते. स्मॉल वर्ल्डची दिवसभर खाली. कारण सोपं आहे: पीटर पॅनच्या एका गलबतात दोन-तीन माणसं मावतात, स्मॉल वर्ल्डच्या एका बोटीत पंधरा-वीस. तासाला किती माणसं आत जाऊ शकतात यावर रांग ठरते. राइड किती भारी आहे यावर ती तितकीशी ठरत नाही. हे उमगल्यावर मी प्रत्येक राइडकडे ‘गाडीत माणसं किती’ या नजरेनं बघू लागले. पीटर पॅन अगदी सकाळी किंवा पैसे देऊन, स्मॉल वर्ल्ड भर दुपारी, उन्हाच्या वेळी, वातानुकूलित. हे एवढं एकच वाक्य कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझी कित्येक रात्रींची झोप वाचली असती.

या दोन्ही साइटींचा आधार मात्र एकच: पार्क जी वेळ पाटीवर लावतं ती. आणि पाटीवरची वेळ म्हणजे प्रत्यक्षात उभं राहायची वेळ नव्हे, हे मला चौथ्या साधनानं शिकवलं.

टूरिंग प्लॅन्स ही वर्षाची वर्गणी घेणारी साइट आहे आणि तिचं ‘लाइन्स’ नावाचं ॲप आहे. अमेरिकेत डिस्ने वर्ल्डवर ‘अनऑफिशियल गाइड’ नावाचं जाडजूड पुस्तक वर्षानुवर्षं निघतं. ही साइट त्याच घराण्यातली. ती उभारणारे लेन टेस्टा यांनी आमच्याच राज्यातल्या ग्रीन्सबरोच्या विद्यापीठात शिकत असताना संगणकशास्त्रातल्या एका जुन्या कोड्यावर काम केलं: फिरत्या विक्रेत्यानं अनेक गावांना जायचंय, तर कुठल्या क्रमानं गेल्यास वेळ सर्वांत कमी लागेल? थीम पार्कात हे कोडं आणखी बिकट होतं, कारण इथे ‘गावांमधलं अंतर’ तासातासाला बदलतं. सकाळी नऊला दहा मिनिटांवर असलेली राइड अकराला तासावर गेलेली असते. दहा राइड्स घेतल्या तर त्यांचे क्रम होतात ३६ लाख २८ हजार ८००. मी वही-पेन्सिल घेऊन बसले होते ते या ढिगातला एक क्रम शोधायला, हे लक्षात आल्यावर मी वही मिटली.

या साइटवर आपण राइड्सची यादी द्यायची, येण्या-जाण्याच्या वेळा द्यायच्या, आणि ती क्रम लावून देते. प्रत्येक राइडपुढे अंदाजे थांबण्याची वेळ आणि तिथवर चालत जायची वेळ. अंदाज नुसत्या पाटीवर बेतलेला नाही. ॲप वापरणारे लोक रांगेत शिरताना आणि राइडवर बसताना बटण दाबतात, त्या खऱ्या वेळा जमा होतात. त्यातून दिसतं की पाटीवरचा आकडा बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो. डिस्नेचे लोकही स्वतः रांग मोजतात: एखाद्या पाहुण्याच्या हाती रांगेच्या तोंडाशी लाल दोरीतलं कार्ड देतात आणि ते पुढे राइडपाशी परत घेतात. आमच्या हातीही एकदा ते पडलं. लेकीनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरून रांगभर सांभाळलं आणि पुढच्या मावशींच्या हातात जबाबदारीनं दिलं.

पण मला या साधनानं जिंकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यात चालण्याचा वेग निवडता येतो. ‘रांगेत कमी उभं राहू’ की ‘कमी चालू’ याचा कल सांगता येतो. मध्ये विश्रांती घालता येते, तासाची, दोन तासांची. बाकी सगळी साधनं रांग मोजत होती, मिनिटं वाचवत होती. आमच्या घरात दमवणार होतं ते चालणं आणि ऊन. बाबांच्या गुडघ्याला वीस मिनिटं सावलीत रांगेत उभं राहणं जड गेलं असतं, पण पार्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला भर उन्हात तीन वेळा जाणं अशक्यच होतं. मी आधी वेग नेहमीचा ठेवून क्रम मागितला, मग सावकाश ठेवून आणि दुपारी एक ते साडेतीन सुट्टी घालून मागितला. दुसऱ्या वेळी मधल्या चार राइड्स गळल्या. यादी आखूड झाली आणि मला हायसं वाटलं. त्या चारांत आमच्या घरातल्या कुणाचाच जीव नव्हता. त्या केवळ ‘चुकवू नका’ अशा याद्यांतून आल्या होत्या.

याद्यांचंही असंच. ‘सर्वोत्तम’ म्हणजे कोणासाठी सर्वोत्तम? याच साइटवर वयोगटाप्रमाणे वेगवेगळे गुण आहेत: शाळेआधीची मुलं, शाळेतली, किशोर, तरुण, प्रौढ, ज्येष्ठ. मी ज्येष्ठ आणि सर्वांत लहान असे दोनच रकाने उघडे ठेवले. तेव्हा एपकॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’ दिसली. तोवर वाचलेल्या कुठल्याही ठळक यादीत ती नव्हती. संथ बोट, वेळ चौदा-पंधरा मिनिटं, आणि वाटेत खऱ्याखुऱ्या हरितगृहांतून जायचं. पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, हवेत लोंबणारी मुळं, टाक्यांतले मासे. तिथे पिकलेलं एपकॉटच्या उपाहारगृहांत वापरतात. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन जवळ घेतला आणि विचारलं, “अगं, टोमॅटो दोरीवर चढवलेत की जाळीवर?” मला ठाऊक नव्हतं. एपकॉटचा दिवस त्या क्षणी ठरला.

राहायला पार्कांजवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर घेतलं होतं, कारण आईला स्वतःच्या हातचा वरणभात लागतो. त्याचे परिणाम सगळ्या वेळापत्रकावर झाले आणि इंटरनेटवरच्या तयार योजना तिथे आमच्या कामाच्या राहिल्या नाहीत. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात आणि मल्टी पास सात दिवस आधी बुक करता येतो. बाहेर राहणाऱ्यांना तो तीन दिवस आधी. बहुतेक तयार योजनांची पहिली ओळच त्या अर्ध्या तासावर उभी असते. म्हणून कुठलीही योजना वाचताना मी आधी बघायचे की लिहिणारा राहिला कुठे होता. मॅजिक किंगडमचं तर आणखी एक आहे: बाहेरून गाडीनं येणाऱ्यांना गाडी थेट पार्कच्या दाराशी लावता येत नाही. वाहनतळावरून आधी ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, तिथून मोनोरेल किंवा तळ्यावरची बोट, मग दार. योजनेचं घड्याळ दारापासून सुरू होतं. गाडीतून उतरल्यापासून दारापर्यंतचा पाऊण तास आपण आपल्या हातानं त्यात घालायचा.

जेवणाचं मात्र लवकर उलगडलं. पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. हे वाचल्यावर आईच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली आणि दशम्या, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी अशी यादी तिनं स्वतःच केली. बाहेरचं एकच जेवण आरक्षित केलं, ॲनिमल किंगडम लॉजमधल्या ‘सना’मध्ये. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. तिथे नान, कुलचे, पराठे आणि त्यांच्याबरोबर ताटलीभर चटण्या-कोशिंबिरी मिळतात, आणि काचेपलीकडे जिराफ, झेब्रे चरत असतात. हॉटेलात राहत नसलो तरी चालतं. कोथिंबिरीची चटणी आईला पसंत पडली, आणि तिची पसंती सहजासहजी मिळत नाही.

तीन दिवस आधीच्या सकाळी सातला मल्टी पास बुक करायला मी आणि नवरा दोघंही फोन घेऊन बसलो. एका वेळी तीन राइड्स घेता येतात, पण मॅजिक किंगडममध्ये त्यांचे दोन गट आहेत आणि पहिल्या, मागणीच्या गटातली एकच मिळते. पीटर पॅन त्याच गटात. आलेख पाठ असल्यानं निवडायला क्षणभरही लागला नाही. माइन ट्रेन यात येत नव्हती, तिचे पैसे वेगळे. तेव्हा नुकत्याच उघडलेल्या टियाना राजकन्येच्या राइडसाठी तर पार्कात जाण्याच्या दिवशीच सकाळी सात किंवा दुपारी एकला व्हर्च्युअल रांगेत नंबर लावावा लागे. हे तिन्ही प्रकार वेगवेगळे आहेत हे मला आकृती काढल्याशिवाय समजलं नाही. एका कागदावर तीन चौकोन काढून प्रत्येकात ‘कधी, किती वाजता, पैसे की फुकट’ एवढं लिहिलं. तो कागद फ्रिजवर लावला, मग आईसुद्धा मला समजावून सांगू लागली.

पार्कात शिरल्यावर साधनांची कामं आपोआप वाटली गेली. नवऱ्याकडे अधिकृत ॲप: पास, नकाशा, कुठली राइड तात्पुरती बंद. माझ्याकडे क्रम लावणारं. कॅलेंडर आणि आलेखांचं काम घरीच संपलं होतं, ती पानं मी तिथे उघडलीही नाहीत. फ्लोरिडात सप्टेंबरात दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस येतो, विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात आणि सगळी माणसं छपराखाली धावतात. आमच्या पहिल्याच दुपारी तेच झालं. छपराखालच्या सगळ्या रांगा एकदम वाढल्या. मी फोनवर उरलेल्या राइड्सचा क्रम पुन्हा लावून घेतला. बाबांना पार्कच्या दाराशी भाड्यानं घेतलेल्या चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. खुर्चीमुळे रांग चुकत नाही, बहुतेक ठिकाणी खुर्चीसह नेहमीच्याच रांगेतून जावं लागतं. पण चालणं वाचतं, आणि तेच हवं होतं. पाऊस ओसरताच तासभर ओस पडलेल्या वाटा मिळाल्या. लोक घरी निघाले होते. नव्यानं लावलेल्या क्रमात माइन ट्रेन तिथेच येऊन बसली होती. लेक आणि नवरा जाऊन आले, आई-बाबा बाकावर पराठे खात बसले.

पीटर पॅनच्या गलबतात आई लेकीला कुशीत घेऊन बसली होती. खाली दिव्यांचं लंडन आलं तेव्हा ती म्हणाली, “रात्री मुंबईला विमान उतरताना अस्संच दिसतं.” बाहेर पाटीवर तेव्हा सत्तर मिनिटं लिहिलेली होती. आम्ही दहा मिनिटांत आत गेलो होतो.

एपकॉटच्या दिवशी बोटीतून हरितगृह बघून बाबांचं समाधान झालं नाही. ‘बिहाइंड द सीड्स’ नावाची तासाभराची पायी फेरी असते, त्याच हरितगृहांत मार्गदर्शकासोबत आतून फिरवतात. तिचं आरक्षण मी आधीच केलेलं होतं. तासभर चालणं जमेल का म्हणून मी काळजीत होते. बाबा खुर्ची बाहेर ठेवून, माझा हात धरून हळूहळू चालले. टोमॅटो दोऱ्यावर चढवलेले होते. त्यांनी मुळांवर खतपाणी किती वेळानं फवारतात ते विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं, मार्गदर्शक मुलीनं उत्तर दिलं, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. फेरीतले इतर लोकही थांबून ऐकू लागले. किडीसाठी मित्रकीटक सोडतात हे ऐकल्यावर त्यांनी खिशातली वही काढली. पैसे मोजून घेतलेल्या कुठल्याही राइडपेक्षा मला हा तास मोलाचा वाटतो.

आता दादा ठाण्याहून वहिनीला आणि मुलाला घेऊन टोकियो डिस्नेलँडला निघालाय, पुढच्या वसंतात. त्यानं परवा फोनवर विचारलं की तू वापरलेलंच ॲप घेऊ का. टोकियोचं अधिकृत ॲप वेगळं आहे, पैसे देऊन पुढे जायची त्यांची सोयही वेगळी, आणि क्रम लावून देणारं ते साधन डिस्ने वर्ल्डभोवती बांधलेलं आहे. क्यू-टाइम्सवर टोकियो आहे, ते पान त्याला पाठवलं आणि एकाच राइडचा आठवड्याभराचा आलेख नीट बघ म्हणून सांगितलं. त्याआधी मात्र मुलाची उंची बूट घालून मोजायला लावली, आणि वहिनीच्या पाठीचं दुखणं आता कसं आहे ते विचारलं. दिवसाला किती तास चालवेल हे तिचं उत्तर आलं की मग बसू दोघं फोनवर.